मोहबोडीची पांढरी

माजरीच्या पलीकडे, बंद पडलेल्या एका खाणीच्या कडेला करड्या मातीचा डोंगर आहे. तो देवानं केलेला नाही, माणसांनी केलेला आहे, आणि त्यातला बराचसा एकट्या लटारू चौधरीनं केलेला आहे. बावीस वर्षं त्यानं त्या खाणीत डंपर चालवला. कोळशाच्या वरची माती, मुरूम, दगड उकरून बाजूला टाकायचे; त्या टाकाऊ ढिगाऱ्याला खाणीतले लोक ओबी म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी वाढलेल्या पोरांना मात्र वाटतं की ओबी हे त्या डोंगराचंच नाव आहे, जसं एखादीचं नाव गोदी असावं तसं.

वसाहतीच्या शाळेतली पोरं लटारूला हमखास विचारायची, "आबा, आपल्या ओबीवर गवत काऊन नाई होत?"

मग लटारू एखाद्याचा जेवणाचा डबा मागून घ्यायचा. वर पोळी, मधात भाजी, खाली भात. पोळी काढून आधी ताटात ठेवायचा, तिच्यावर भाजी, आणि भाजीवर भात थापायचा.

"आता सांगा, पोळी कुठी गेली?"

"खाली!"

"झाडाले पोळी लागते. अन आमी ती सगळ्यात आधी उचलली, म्हनून ती सगळ्यात खाली गेली. वर आला तो जमिनीच्या पोटातला दगड. झाडानं खावावं काय?"

पोरं हसायची. ज्याचा डबा, तो रडवेला व्हायचा आणि लटारू त्याला खिशातलं खोबरं द्यायचा.

त्या डोंगराच्या अलीकडच्या अंगाला पंचवीस एकर सपाट करून यंदा बाग महोत्सव भरवायचं ठरलं. जानेवारीच्या शेवटी पंधरा दिवस फुलं, झाडं, जत्रा. आणि जत्रा उठली तरी बाग मागं राहायची, कायमची. खाणीत जमीन गेलेल्या अकरा गावांना एकेक वाफा मिळाला, चाळीस हात लांब, तीस हात रुंद. मोहबोडीलाही मिळाला. मोहबोडी हे गाव आता कुठेच नव्हतं. ते जिथं होतं तिथं खाणीचा खड्डा होता आणि खड्ड्यात निळं पाणी. गावातली माणसं या वसाहतीत राहायला येऊन एकतीस वर्षं झाली होती. तरी यादीत नाव आलं, आणि लोकांनी एकमुखानं सांगितलं, "वाफ्याचं काम लटारूभाऊकडं. ओबी त्याच्याइतकी कोनाले ठावी नाई."

बाकीच्या गावांचे बेत ठरले. कोणी फुलांचा मोर करणार होतं, कोणी वाघ. लटारूचं दोन दिवस काही ठरेना. तिसऱ्या दिवशी त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, उलटं घातलं आणि पेन्सिल घेऊन बसला.

"काय काढून राह्यले?" बायकोनं, कमळानं विचारलं.

"गाव."

मोहबोडीत घराची खूण दारातल्या झाडावरून सांगत. शेवग्याचा कोलू, कवठाखालचा सुनिल, गुलबासवाली कमळा. परगावचा पाहुणा आला तर पोरं म्हणायची, "सरळ जा, पारिजातक लागला का डाव्या हाताले वळा." लटारूचा बेत असा होता की पांढऱ्या दगडांनी गल्ल्या आखायच्या आणि प्रत्येक दाराच्या जागी त्या दारातलं झाड लावायचं. मोर नाही, वाघ नाही, गाव.

पेन्सिल भराभर चालली. आखर, म्हणजे सकाळी गुरं गोळा व्हायची ती मोकळी जागा. बोडी, म्हणजे गावचं लहान तळं, मारुतीचा पार, पाटलाचा गुरांचा वाडगा, खालची गल्ली. कमळा मधूनमधून चुका काढत होती. "अजी, तिथी कन्हेर होता, जास्वंद नाई." मग नाला आला. नाल्यापल्याड बौद्धपुरा होता, सत्तावीस घरांचा. तिथं लटारूची पेन्सिल थांबली. थोड्या वेळानं त्यानं एक चौकोन काढला आणि त्यात लिहिलं, पुरा.

"अन इथी?" कमळानं विचारलं.

"इथी झेंडू लावू. सरसकट."

"सरसकट," कमळा म्हणाली. भात खाताना दाताखाली खडा यावा तसा तो शब्द तिच्या तोंडातून निघाला.

पुऱ्यातली घरं सांगू शकेल असं एकच माणूस आता उरलं होतं, रुखमाबाई. वय ऐंशीच्या पुढं, वसाहतीच्या तिसऱ्या गल्लीत शेवटचं घर. पुऱ्यातले बाकीचे म्हातारे गेले, तरणे नागपूर-पुण्याला नोकरीला लागले. आणि रुखमाबाई लटारूशी एकतीस वर्षं बोलत नव्हती. कमळाशी बोलायची, पोरांशी बोलायची. पण लटारूच्या उंबऱ्यात कधी आली नाही, त्याच्या घरचं पाणी कधी प्यायली नाही. लग्नात, तेराव्याला समोरासमोर आली तर पदर सावरून दुसरीकडं बघायची.

कारण सगळ्यांना माहीत होतं. गाव उठलं त्या हिवाळ्यात लोकांनी आपापली लाकडं, छपरावरची कवेलू, दारं काढून नेली. मागं नुसत्या मातीच्या भिंती उरल्या. त्या पाडून, खालच्या जमिनीसकट उचलायला यंत्रं आली. त्या पाळीला पहिला डंपर लटारूचा होता. गावातलाच माणूस, आणि गाव उचलायला तोच.

दसऱ्यानंतर वाफ्यात रोपं लागली आणि दिवाळीपर्यंत मेली.

सगळ्याच वाफ्यांत थोडीफार मेली, पण मोहबोडीच्या वाफ्यात एकही वाचलं नाही. ठेकेदारानं विकतची माती टाकली होती, ती पहिल्या दोन पाण्यांत दगडांच्या फटीत उतरून गेली. बागेचं काम बघणारी संघप्रिया मेश्राम वाफ्याच्या कडेला उकिडवी बसून वाळकी मुळं बघत होती. चंद्रपूरची पोरगी, शेतकी कॉलेजातून शिकून आलेली, उन्हानं नाक सोललेलं.

"काका, आता कुंड्या मांडू. दिसायला चांगलं दिसेल."

"कुंडीत गाव राह्यते काय, मॅडम?" लटारू म्हणाला. मग जरा घुटमळून म्हणाला, "एक गोष्ट आहे. या ओबीत पांढरी आहे. तिकडं, उत्तरेच्या अंगाले. मीच टाकली होती. ती आनली तर दगडातही झाड जगते."

संघप्रिया झटकन उभी राहिली. "अजिबात नाही. ती राख मी बागेत येऊ देणार नाही."

"राख?"

"पांढरी म्हणजे वीज केंद्राची राखच ना? आख्खा जिल्हा खोकतोय तिनं."

लटारूला क्षणभर कळेना. मग कळलं आणि तो इतका हसला की त्याची टोपी पडली. "अवं बाई, पांढरी म्हंजे राख नाई. वावराची ती काळी, अन गाव बसते ती पांढरी. तुह्या आजाले विचार."

"आजोबा गेले. आजी आहे."

"तिले लाव फोन."

तिनं खरंच लावला. फोन मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडून आजी आधी जेवलीस का म्हणाली, मग टोपी घालतेस का म्हणाली, आणि मग पांढरीचं ऐकून तिचा आवाजच बदलला.

"पांढरी? कुठी भेटली तुले पांढरी? अवं, शंभर-दोनशे वर्षं लोकं राह्यले, भिंती पडल्या, पुन्हा बांधल्या, चुलीची राख, गोठ्याचं मूत, लेकराबाळाचं सांडलं-लवंडलं, सगळं ज्या मातीत मुरलं ती पांढरी. उन्हाळ्यात पडक्या घराची पांढरी बैलबंडीनं नेऊन वावरात टाकत. आमी टोपल्यानं टाकली आहे मजुरीवर. त्यावर जवारी अशी ये, अशी ये..."

आजी बराच वेळ बोलत राहिली. संघप्रियानं फोन खिशात ठेवला तेव्हा तिचा चेहरा शाळेत चुकलेल्या पोरासारखा झाला होता.

"चला काका, दाखवा."

डंपर चालवणारा माणूस रस्ता विसरत नाही. विलायती बाभळींतून वाट काढत लटारू पुढं चालला. इथं चढ होता, इथं वळण, इथं उभा राहून मुकादम शिट्टी मारायचा. त्या पाळीला मुकादमानं सांगितलं होतं, "ये ऊपरवाली मिट्टी है, अलग डालो." वरची माती वेगळी ठेवायचा नियम होता. पुढं ती खाणीवर पसरायची असं ठरलेलं. पण खाण बंद झाली, मुकादम बदलून गेला, आणि ढीग जिथल्या तिथं विसरला गेला.

उत्तरेच्या पायथ्याशी पावसाच्या पाण्यानं एक घळ पाडली होती. घळीच्या दोन्ही काठांना तरोटा, एरंडी, अंबाडी माजली होती. बाकी डोंगर बोडका आणि तेवढाच तुकडा हिरवा. संघप्रियानं मूठभर माती उचलली. भुरकट, मऊ, पिठासारखी. तिच्यात कवेलूचा तुकडा होता, हिरव्या बांगडीचा तुकडा होता, आणि जळक्या मडक्याची एक खापरी होती.

लटारूनं खापरी हातात घेतली आणि लगेच परत ठेवली.

संघप्रियानं माती तपासून घेतली. थोडी खारी आहे, पण शेणखत आणि ओबीची माती मिसळली तर उत्तम, असं ती चार दिवसांनी सांगत आली. "दोन ट्रॉल्या पुरतील. उद्या उचलायची?"

"थांब जरा," लटारू म्हणाला. "एका जनीले विचारावं लागते."

रुखमाबाई ओट्यावर वाल सोलत बसली होती. लटारू समोर उभा राहिला. तिनं वर पाहिलं नाही.

"रुखमाबाई."

एक शेंग सोलली. दुसरी सोलली.

"पांढरी सापडली. गावची. बागेत टाकावं म्हनतो. तुमाले विचाराले आलो."

"मले काऊन विचारतं?" तिनं शेंगेला विचारावं तसं विचारलं. "तवा विचारलं होतं?"

लटारू ओट्याखाली, जमिनीवर बसला. कॅलेंडर त्यानं काखेत धरून आणलं होतं. ते काय म्हणून आणलं, त्याचं त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. म्हातारीची नजर त्यावर गेली.

"ते काय?"

"गावाचा नकाशा."

"आन इकडं."

तिनं तो मांडीवर पसरला. डोळे बारीक करून बघत बघत तिचं बोट आखरावरून निघालं, पारावरून गेलं, खालच्या गल्लीतून नाल्याशी आलं आणि चौकोनावर थांबलं. तिला वाचता येत होतं. ऐन साठीत नातीच्या पाटीवर शिकली होती.

"पुरा," तिनं वाचलं. "बस? सत्तावीस घराचे दोन अक्षर?"

"मले आठवलं नाई."

"आठवन कसं? तू आला होता कदी नाल्याच्या इकडं? बोलवाले यायचा त नाल्यावरून हाक मारायचा. 'सुकलूऽऽ, चाल रे वावरात!' माह्या नवऱ्यानं दहा वर्षं तुह्या बापाचं वावर केलं. आमच्या दारात काय होतं, सांग."

लटारूनं खूप आठवून पाहिलं. "गुलबास?"

"गुलबास तुह्या बायकोच्या दारात!" रुखमाबाईनं वालाची शेंग त्याच्याकडं भिरकावली. "बायकोचं झाड मले देऊन राह्यला, येडा!"

शेंग लटारूच्या छातीला लागून मांडीवर पडली. एकतीस वर्षांत ती त्याच्याशी एवढं बोलली नव्हती. त्यानं शेंग उचलून सोलली आणि दाणे तिच्या सुपात टाकले.

बराच वेळ दोघं शेंगा सोलत राहिली. मग ती म्हणाली, आणि आवाज खाली आला होता, "मी नाल्याच्या काठावर उभी होती त्या दिवशी. चुलीची जागा एक खेप पाहावं म्हनून आली होती. तुह्या मोटारीच्या मांगं तो मानूस ओरडत होता, आंदे, आंदे, म्हंजे येऊ दे मांगं. माह्या घराच्या जाग्यावरून मांगं मांगं येऊन राह्यला होता तू. अन मले पाहून तू टाटा केला."

"टाटा नोहे तो. हटा म्हनून हात केला होता. गाडी मोठी, मांगचं दिसत नाई."

"खोटं."

लटारूच्या हातातली शेंग तशीच राहिली. एकतीस वर्षं त्यानं मनाशी हेच उत्तर घोकलं होतं. आता ते तोंडातून निघालं आणि त्याला कळलं की ते अर्धंच आहे.

"अर्धं खरं आहे," तो म्हणाला. "हटा म्हनूनच हात केला. पन गाडी नवी होती, बाई. पंच्याऐंशी टनाची. जिल्ह्यात अशा दोनच होत्या. कोनी ओळखीचं दिसलं, त वाटलं, मले पाह्यलं पाहिजे. गाव उचलून राह्यलो हे त्या येळेस डोक्यात आलंच नाई. घरी गेल्यावर आलं. मंग जेवन नाई गेलं."

रुखमाबाईनं सुपातले दाणे एकदा पाखडले, दोनदा पाखडले. सालपटं उडून लटारूच्या डोक्यावर बसली.

"हे तवाच सांगितलं असतं त!"

"लाज वाटली."

"इतके वर्षं?"

"वाढतच गेली."

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, भिंत धरून आत गेली. लटारूला वाटलं, झालं, आता ती बाहेर येणार नाही. तो उठून कॅलेंडर गुंडाळू लागला. तेवढ्यात आतून आवाज आला.

"ते ठेव इथीच. चुकीचं आहे. अन आईक, माती उचलशीन त तूच उचल. तूच नेली, तूच आन."

सुनिलचा ट्रॅक्टर मागून आणला. लटारूनं कित्येक वर्षांत स्टिअरिंग धरलं नव्हतं, कमळा म्हणाली, "कोनाच्या वाफ्यात नेऊन घालान, डोळ्याले दिसत नाई." पण हाताला सवय होती. पांढरी भरलेली ट्रॉली घेऊन तो बागेच्या रस्त्यानं आला तेव्हा वसाहतीतले म्हातारे-कोतारे वाफ्याभोवती जमले होते. शाळेतल्या मॅडमनी पोरांनाही आणलं होतं. आणि वाफ्याच्या तोंडाशी, संघप्रियाच्या खांद्यावर एक हात टेकून, दुसऱ्या हातात काठी घेऊन रुखमाबाई उभी होती.

ट्रॉली मागं घ्यायची होती. मागचं दिसत नव्हतं. लटारू मान वळवून, वळवून बघत होता, आणि ट्रॉली भलतीकडंच चालली होती. पोरं हसायला लागली. तेव्हा काठीचा एक ठोका ट्रॉलीच्या फळीवर बसला आणि म्हातारीचा खणखणीत आवाज आला.

"आंदे! आंदे! आंदे!"

लटारूचा पाय क्षणभर क्लचवरच राहिला.

"काय झालं? आंदे म्हनून राह्यली ना मी! डावीकडं मार. आंदे, आंदे... बस!"

ट्रॉली बरोबर वाफ्याच्या मधोमध थांबली. फळी उघडली आणि मोहबोडीची पांढरी सरसर खाली आली. धूळ उडाली. त्या धुळीला शेणाचा, धुराचा, ओल्या भिंतीचा मिळून एक वास होता. कमळानं पदर नाकाला लावला, पण तो धुळीसाठी नव्हता.

रुखमाबाईनं काठीनं ढीग टोकरला.

"यातली आमची कोनती?" तिनं विचारलं.

लटारू ट्रॅक्टरवरून उतरला. "आता कसं सांगू? यंत्राचं फावडं नाल्याच्या इकडूनही भरत होतं, तिकडूनही. पाटलाची, आमची, तुमची, सगळी एकाच डंपरात. मिसळली."

म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. संघप्रियाला वाटलं, आजी रडतेय. तिनं तिला सावरलं. पण ती हसत होती, पोटातून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अरे लटारू! बुडा पाटील आमची सावली ओट्यावर पडू देत नव्हता रे! अन त्याची पांढरी अन आमची पांढरी तू एका टोपल्यात घातली! हे सांगाले एकतीस वर्षं लावले तू?"

मग ती कामाला लागली. कॅलेंडर तिनं पिशवीतून काढलं. तो चौकोन शाळेतल्या पोरांच्या रबरानं खोडला होता आणि तिथं वाकड्यातिकड्या रेघांनी सत्तावीस घरं काढली होती. काठीनं ती जागा दाखवायची आणि पोरं तिथं दगड मांडायची. इथं कडुनिंब. इथं अबोली. इथं काहीच नाही, त्याच्या दारात नेहमी सायकल असायची. इथं पपई, विहाराच्या मागं. "अन इथी मी. काटेरी वांगे. सहा झाडं, मोजून सहा."

ऊन कलत आलं तेव्हा ती दगडावर टेकली. ओठ कोरडे पडले होते. संघप्रिया पाण्याची बाटली आणायला निघाली, तर तिनं काठी आडवी घातली.

"राहू दे, पोरी. लटारू, तुह्याकडं पानी आहे का?"

लटारूनं ट्रॅक्टरवरचा आपला प्लास्टिकचा कॅन आणला. झाकणात पाणी ओतून पुढं केलं. तिनं झाकण घेतलं, पाणी प्यायली आणि ते पुन्हा पुढं केलं. "आनखी दे."

जानेवारीत मोराला पहिलं बक्षीस मिळालं, वाघाला दुसरं. मोहबोडीच्या वाफ्यात परीक्षक थोडाच वेळ थांबले. त्यांना तिथं आकार दिसला नाही. पण वसाहतीतल्या पोरांना सगळा वाफा पाठ झाला होता. परगावचं कोणी आलं की ती पुढं होऊन वाट दाखवायची. "सरळ जा, पारिजातक लागला का डाव्या हाताले वळा. नाला ओलांडा. वांगे दिसले का, ते रुखमाबाईचं घर."

तिथं बहुतेक वेळा लटारू बसलेला असायचा. वांग्याच्या सहा झाडांपैकी एकाला कीड लागली होती, आणि म्हातारी काठीच्या टोकानं एकेक पान दाखवून त्याच्याकडून ती वेचून घेत होती.